इमारत पडली नाही, पण घरी परत जाता येईल का? सेल्फ-सेंटरिंग डॅम्पर समजून घेऊ

मागच्या महिन्यात आम्ही घरच्यांसोबत सुकापूरमध्ये फ्लॅट बघायला गेलो होतो. माथेरान रोडवर दर शंभर पावलांवर एक होर्डिंग आहे आणि प्रत्येकावर विमानाचं चित्र. नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून इथल्या भावांची चर्चा चहाच्या टपरीवरही चालते. सॅम्पल फ्लॅट दाखवणारा मुलगा माझ्याच वयाचा होता. ब्रोशर उघडून त्याने एका ओळीवर बोट ठेवलं, ‘अर्थक्वेक रेझिस्टंट आरसीसी स्ट्रक्चर’. म्हणाला, "सर, पूर्ण मायवान आहे. भिंतीसुद्धा काँक्रीटच्या. भूकंप आला तरी काही होणार नाही."

माझी आजी पाटण तालुक्यातली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती तिशीत होती. तिने सरळ विचारलं, "पडणार नाही हे कळलं रे बाळा. पण नंतर राहता येईल का तिच्यात?" त्यांचं घर तेव्हा पडलं नव्हतं. एक भिंत कलली होती, एवढंच. तरीही ते लोक कितीतरी महिने अंगणात मांडव घालून राहिले, कारण कललेल्या भिंतीखाली झोपायची कोणाची हिंमत होईना.

त्या मुलाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. मी सॉफ्टवेअरवाला, सिव्हिलवाला नाही. म्हणून घरी येऊन वाचायला बसलो. वाचल्यावर कळलं की आजीचा प्रश्न हाच सध्या भूकंप अभियांत्रिकीतला सगळ्यात मोठा प्रश्न आहे, आणि त्यावरचं एक उत्तर म्हणजे सेल्फ-सेंटरिंग डॅम्पर.

हा विषय आत्ताच का?

दोन कारणं आहेत.

पहिलं, बँकॉक. २८ मार्च २०२५ ला म्यानमारमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथून सुमारे एक हजार किलोमीटरवर असलेल्या बँकॉकमध्ये तीस मजल्यांहून उंच, बांधकाम सुरू असलेली एक सरकारी इमारत काही सेकंदांत खाली बसली. तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. ऐंशीहून जास्त माणसं त्यात गेली. पुढे थायलंड सरकारच्या चौकशीत बोट दाखवलं गेलं ते लिफ्ट आणि जिन्याभोवतीच्या काँक्रीटच्या भिंतींकडे, म्हणजे शिअर वॉलकडे. डिझाइनमध्येही चुका होत्या आणि बांधकामातही.

ही झाली बातमी. पण त्याच शहरात आणखी एक गोष्ट घडली, जी आपल्याकडे फारशी आली नाही. बँकॉकच्या लोकांनी ‘ट्रॅफी फोंड्यू’ नावाच्या तक्रार अॅपवर आपापल्या इमारतींतल्या तड्यांचे फोटो टाकले. अशा तक्रारी दहा हजारांच्या वर गेल्या. त्या इमारती पडल्या नव्हत्या. पण घरात परत जायचं की नाही, हे लोकांना कळत नव्हतं. म्हणजे आजीचाच प्रश्न.

दुसरं कारण घरचं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतीय मानक ब्युरोने भूकंप कोडची नवी आवृत्ती आणि देशाचा नवा भूकंप नकाशा प्रसिद्ध केला. त्यात हिमालयाच्या पट्ट्यासाठी ‘झोन ६’ हा नवा वर्ग आला आणि इंजिनिअर मंडळींमध्ये जोरदार चर्चा सुरू झाली. पण तुम्ही-मी आज ज्या इमारतीत राहतो, ती २०१६ च्या किंवा त्याआधीच्या कोडवर उभी आहे. तेव्हा आधी तोच समजून घेऊ.

आपल्या भागाला भूकंपाचा धोका किती?

२०१६ च्या कोडप्रमाणे मुंबई, नवी मुंबई, पनवेल हा सगळा पट्टा झोन ३ मध्ये येतो, म्हणजे मध्यम धोका. कोयनेचा परिसर झोन ४ मध्ये आहे. सुकापूरपासून कोयनानगर सरळ रेषेत साधारण १९० किलोमीटर. उत्तरेला पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून छोट्या धक्क्यांची मालिका सुरू झाली होती, ते अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास.

आणखी एक गंमत. भूगर्भशास्त्रात ‘पनवेल फ्लेक्सर’ नावाची एक रचना आहे, आपल्याच पनवेलच्या नावाने. सह्याद्रीतले बेसॉल्टचे थर बऱ्यापैकी आडवे आहेत. पण किनाऱ्याजवळ आल्यावर ते समुद्राकडे झुकतात, आणि त्या वाकाला हे नाव दिलंय. वाक आहे म्हणजे उद्या भूकंप येणार, असं अजिबात नाही. व्हॉट्सअॅपवर तसं कोणी पाठवलं तर पुढे पाठवू नका. पण पायाखालची जमीन अगदीच निवांत आहे, असंही समजू नका.

भूकंप लांब झाला म्हणून सुटलो, असंही नसतं. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपाचं केंद्र अहमदाबादपासून सुमारे २४० किलोमीटरवर होतं. तरी अहमदाबादमध्ये आरसीसीच्या बहुमजली इमारती कोसळल्या आणि शेकडो माणसं गेली. त्यातल्या बऱ्याच इमारतींच्या खाली पार्किंग होतं, म्हणजे तळमजल्यावर फक्त कॉलम आणि वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती. तळमजला लवचीक, वरचा भाग ताठ. हलवल्यावर सगळा ताण तळमजल्यावर आला. सुकापूर आणि नवीन पनवेलच्या जुन्या चार मजली इमारती एकदा खालून बघा, चित्र ओळखीचं वाटेल.

कोड नेमकं काय वचन देतो?

इथे मला सगळ्यात मोठा धक्का बसला.

मला वाटायचं, इंजिनिअर मंडळी भूकंपाचं पूर्ण बळ काढतात आणि तेवढं सहन करेल अशी इमारत बांधतात. तसं नाही. कोडमध्ये ‘आर’ नावाचा एक आकडा आहे, रिस्पॉन्स रिडक्शन फॅक्टर. भूकंपाचं जे बळ येतं, त्याला या आकड्याने भागायचं आणि जे उरेल तेवढ्यासाठी डिझाइन करायचं.

उदाहरण घेऊ. झोन ३ साठी आकडा ०.१६. डिझाइनसाठी त्याचा अर्धा, म्हणजे ०.०८. बुटक्या, ताठ इमारतीसाठी याला २.५ ने गुणतात, आले ०.२०. म्हणजे इमारतीच्या वजनाच्या २० टक्के इतकं बळ तिला आडवं ढकलेल. आता इमारतीत नीट डिटेलिंग केलेल्या शिअर वॉल असतील तर आर ४. २० भागिले ४ म्हणजे ५. इमारत डिझाइन होते वजनाच्या ५ टक्के आडव्या बळासाठी. दोनशेहून जास्त माणसं राहणार असतील तर हा आकडा १.२ पट करतात. उंच टॉवरसाठी आकडे वेगळे येतात, पण भागाकार तोच.

मग उरलेल्या १५ टक्क्यांचं काय? ते इमारतीने स्वतःला इजा करून घेत पचवायचं असतं. ठरलेल्या जागी सळया ताणल्या जाणार, काँक्रीटला तडे जाणार, त्यात भूकंपाची ऊर्जा खर्च होणार, आणि इमारत मोडकी पण उभी राहणार. तुम्ही जिना उतरून बाहेर याल.

ही फसवणूक नाही, हे नीट लक्षात घ्या. कोडचा मूळ हेतूच जीव वाचवणं हा आहे. पन्नास-शंभर वर्षांत एकदा येईल किंवा येणारही नाही, अशा घटनेसाठी प्रत्येक घर किल्ल्यासारखं बांधणं परवडत नाही. या पद्धतीने जगभर असंख्य जीव वाचलेत. फक्त ब्रोशरमधल्या ‘काही होणार नाही’ या वाक्याचा कोडशी संबंध नाही. कोड म्हणतो, तुम्ही वाचाल. फ्लॅट वाचेल, असं तो म्हणत नाही.

न पडलेल्या इमारती का पाडाव्या लागल्या?

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण न्यूझीलंडमधलं क्राइस्टचर्च. २२ फेब्रुवारी २०११ ला तिथे भूकंप झाला, १८५ माणसं गेली. त्यातली ११५ एकाच इमारतीत, सीटीव्ही बिल्डिंगमध्ये. बाकीच्या बहुतेक आधुनिक इमारतींनी कोडचं वचन पाळलं, माणसं बाहेर आली. पण नंतर शहराच्या मध्यभागातल्या हजाराहून जास्त इमारती पाडाव्या लागल्या. तिथला काही भाग जून २०१३ पर्यंत लोकांसाठी बंद होता. दोन वर्षांहून जास्त काळ दुकान बंद, ऑफिस बंद, घर बंद.

त्यातच होतं हॉटेल ग्रँड चॅन्सेलर, २६ मजली. त्याची तळाजवळची एक काँक्रीटची भिंत चिरडली गेली आणि अख्खी इमारत एका बाजूला कलली. जिने कोसळले, आत अडकलेल्या लोकांना बाहेर काढावं लागलं. त्या इमारतीत कोणाचा जीव गेला नाही. पण इमारत गेलीच. २०१२ पर्यंत ती उतरवून टाकली.

इथे एक शब्द शिकून घेऊ, ‘रेसिड्युअल ड्रिफ्ट’. म्हणजे हलणं थांबल्यावरही उरलेला कल. जपानमधल्या अभ्यासातून एक अंदाज पुढे आला, की हा कल अर्धा टक्का ओलांडला तर दुरुस्तीपेक्षा पाडून नवीन बांधणं स्वस्त पडतं. अर्धा टक्का म्हणजे किती? तीन मीटर उंचीच्या एका मजल्यात फक्त १५ मिलिमीटर, तुमच्या फोनच्या जाडीच्या दुप्पट. पण ६० मीटरचा टॉवर सगळा मिळून अर्धा टक्का कलला, तर गच्ची ३० सेंटिमीटर बाजूला गेलेली असते. दारं अडकतात, लिफ्टचा मार्ग सरळ राहत नाही, आणि मुख्य म्हणजे माणसांना जाणवतं. काँक्रीटच्या तड्यांत इपॉक्सी भरता येतं. पण हजारो टनांचा कललेला टॉवर परत सरळ करणं जवळपास अशक्य.

होम लोनचा हप्ता मात्र कलत नाही. तो दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला सरळच कापला जातो.

फ्यूज आणि एमसीबी

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

आपल्या लहानपणी घरात फ्यूज असायचा. लोड वाढला की आतली तार वितळायची, घर वाचायचं, पण मग अंधारात बाबा स्टुलावर चढून नवीन तार बसवायचे. आता एमसीबी आहे. लोड वाढला की खटका पडतो, काम झालं की खटका वर केला, संपलं.

साधी शिअर वॉल ही फ्यूजसारखी आहे. तिच्या तळाशी असलेल्या सळया ही तिची वितळणारी तार. भूकंपात त्या ताणल्या जातात आणि ऊर्जा खातात. पण नेहमीची सळई साधारण पाव टक्का ताणली की त्यापुढची लांबी कायमची राहते. विश्वास नसेल तर स्टेपलरची पिन किंवा यू-पिन पुढे-मागे वाकवून बघा. ती गरम होते, म्हणजे ऊर्जा खातेय. पण परत सरळ होत नाही. आणि फ्यूजची तार बदलता येते, तशी भिंतीच्या पोटातली सळई बदलता येत नाही.

सेल्फ-सेंटरिंग रचनेत ही दोन कामं वेगळी केली जातात. ऊर्जा खायला एक भाग, जागेवर परत आणायला दुसरा भाग. आम्ही कोड लिहिताना एका फंक्शनला एकच काम देतो, तसंच काहीसं.

जागेवर परत आणणारा भाग. एक प्रकार असा. भिंत पायाला घट्ट जखडायचीच नाही. ती पायावर ठेवायची, आणि भिंतीच्या आतून वरपासून खालपर्यंत मोकळ्या नळीतून पोलादी केबल ओवून त्या प्रचंड ताणायच्या. भूकंपात भिंत एका कडेवर किंचित उचलली जाते, कपाट ढकलल्यावर उचलतं तशी. केबल आणखी ताणल्या जातात आणि रबर बँडसारख्या तिला परत खाली खेचतात. भिंतीचं वजनही मदत करतं. यात नवलाईचं सामान काही नाही. मेट्रोच्या पुलाचे काँक्रीटचे तुकडे ज्या ताणलेल्या केबलने एकत्र बांधतात, तेच तंत्र इथे उभं वापरलंय.

ऊर्जा खाणारा भाग, म्हणजे डॅम्पर. नुसती केबल असेल तर भिंत डोलतच राहील, शॉक अॅबसॉर्बर नसलेल्या बाइकसारखी. म्हणून भिंतीच्या पायथ्याशी किंवा दोन भिंतींच्या मधे डॅम्पर बसवतात. साधा डॅम्पर म्हणजे यू आकारात वाकवलेली पोलादाची पट्टी. ती वाकून ऊर्जा खाते. बाहेरच्या बाजूला असल्यामुळे खराब झाली तर बोल्ट काढून बदलता येते.

दोन्ही कामं एकाच उपकरणात. हाच सेल्फ-सेंटरिंग डॅम्पर. याचे दोन प्रकार समजायला सोपे आहेत.

एक निटिनॉलचा. निकेल आणि टायटॅनियमचा हा मिश्रधातू तुमच्या तोंडात असू शकतो, दातांच्या ब्रेसेसची तार त्याचीच असते. चष्म्याच्या न मोडणाऱ्या काड्याही त्याच्याच. साधी सळई पाव टक्क्याला हार मानते, निटिनॉल सहा टक्क्यांच्या आसपास ताणूनही सोडलं की मूळ लांबीवर येतं. वर या ताणण्या-सुटण्यात थोडी ऊर्जाही खातं.

दुसरा घर्षणाचा. दोन पोलादी प्लेट, त्यांच्यावर उतरत्या खाचा, आणि वरून बोल्टमध्ये वाटीच्या आकाराच्या डिस्क स्प्रिंग. जोर आला की प्लेट खाचेच्या उतारावरून वर सरकतात. घासताना ऊर्जा जाते आणि स्प्रिंग दाबली जाते. जोर गेला की स्प्रिंग प्लेटना उतारावरून परत खाली ढकलते. ऑकलंड विद्यापीठातून निघालेलं हे तंत्र न्यूझीलंडमध्ये प्रत्यक्ष वापरात आहे. नेल्सन विमानतळाच्या टर्मिनलच्या लाकडी रचनेत असे जोड बसवलेत.

यात मेख एकच आहे. परत आणणारं बळ डॅम्परच्या अडवणाऱ्या बळापेक्षा जास्त हवं. समजा केबल आणि वजन मिळून ६० ने खेचतात आणि डॅम्पर ४० ने अडवतो, तर भिंत जागेवर येईल. डॅम्पर ६० चा केला आणि केबल ४० ची, तर ऊर्जा भरपूर खाल्ली जाईल पण भिंत अर्ध्यातच अडकून बसेल. म्हणजे ‘जास्त डॅम्पर, जास्त सुरक्षित’ हे गणित इथे चालत नाही. मोबाइलमध्ये मेगापिक्सेल वाढवले म्हणजे फोटो चांगला येतो असं नाही, तसंच.

हे प्रत्यक्षात चाललंय का?

चाललंय, आणि बऱ्याच आधीपासून. न्यूझीलंडमध्ये १९८१ साली सुरू झालेला साउथ रांगिटिकेई रेल्वे पूल याच कल्पनेवर आहे. त्याचे जवळपास ७० मीटर उंच खांब भूकंपात एक-एक पाय उचलून डोलू शकतात, आणि पायाशी डॅम्पर आहेत. १९९९ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पाच मजली प्रीकास्ट इमारतीवर चाचणी झाली. ताणलेल्या केबलच्या भिंती आणि यू पट्ट्यांची जोडी त्यात होती.

खरी परीक्षा क्राइस्टचर्चमध्येच झाली. तिथल्या सदर्न क्रॉस हॉस्पिटलची एंडोस्कोपीची इमारत २०१० मध्ये नुकतीच पूर्ण झाली होती, याच तंत्राने. एकीकडे शहराच्या मध्यभागातल्या इमारती पाडायच्या याद्या बनत होत्या आणि ही इमारत किरकोळ नुकसानीवर निभावली.

जुन्या इमारतीलाही हे लावता येतं. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सुझुकाकेदाई कॅम्पसमधल्या ‘जी ३’ या ११ मजली जुन्या इमारतीला बाहेरून डोलणाऱ्या काँक्रीटच्या भिंती आणि पोलादी डॅम्पर जोडले. त्यानंतर थोड्याच काळात, मार्च २०११ मध्ये, जपानचा तो महाभूकंप झाला. इमारत ठीक राहिली.

मग सुकापूरच्या टॉवरमध्ये हे का नाही?

इथे तंत्रज्ञानाच्या प्रेमात पडून चालणार नाही. अडचणी खऱ्या आहेत.

पहिली, कोड. २०१६ च्या कोडमध्ये आर च्या किमतींचा जो तक्ता आहे, त्यात डोलणाऱ्या भिंतीची ओळच नाही. पायाखाली रबराच्या बेअरिंग घालून इमारत जमिनीपासून वेगळी करायचं तंत्र, म्हणजे बेस आयसोलेशन, भारतात आहे. भुजचं जिल्हा रुग्णालय २००१ नंतर तसंच बांधलं गेलं, आणि २०२२ मध्ये त्यासाठी कोडचा स्वतंत्र भागही आला. पण डोलणारी भिंत करायची तर विशेष विश्लेषण आणि दुसऱ्या तज्ज्ञाकडून तपासणी लागणार. घाईतल्या बिल्डरला ते नको असतं.

दुसरी, पैसा. निटिनॉल हे ब्रेसेसच्या तारेत परवडतं, टॉवरभर नाही. घर्षणाचे डॅम्पर त्या मानाने स्वस्त, तरी साध्या सळईपेक्षा महागच.

तिसरी, आपलं हवामान. ताणलेल्या केबलला गंज लागला तर सगळा खेळ संपला. कोकणातला चार महिन्यांचा पाऊस आणि खाडीची दमट हवा यात घर्षणाच्या प्लेट वीस वर्षांनी तशाच सरकतील याची खात्री देखभालीतूनच येते. आणि आपल्या सोसायट्यांना गच्चीची गळती काढायला तीन मीटिंग लागतात.

चौथी, हे तंत्र सगळं वाचवत नाही. भिंत जागेवर येते, पण हलताना मजल्यांना बसणारे हिसके कमी होतीलच असं नाही. पाण्याची टाकी, लिफ्ट, फॉल्स सीलिंग वेगळं बांधावं लागतं. भिंत उचलली जाणार असेल तर तिला जोडलेल्या स्लॅबलाही ते झेपलं पाहिजे, नाहीतर भिंत शाबूत आणि स्लॅबला तडे.

माझं मत विचाराल तर क्रम असा हवा. रुग्णालयं, अग्निशमन केंद्रं आणि आपत्ती नियंत्रण कक्ष भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी चालू असलेच पाहिजेत. तिथे हे तंत्र किंवा बेस आयसोलेशन आत्ताच मागायला हवं. विमानतळाभोवती ‘नैना’ क्षेत्रात जे नवं शहर उभं राहतंय, तिथे सार्वजनिक इमारती अजून कागदावर आहेत. कागदावर बदल करणं सगळ्यात स्वस्त. सिडकोने २०२२ मध्ये बामणडोंगरीला ९६ दिवसांत ९६ घरं प्रीकास्ट पद्धतीने उभी केली होती. म्हणजे कारखान्यात भाग बनवून साइटवर जोडायची क्षमता आपल्याकडे आहे, आणि केबल ताणलेल्या भिंतींचं तंत्र मुळात प्रीकास्टसाठीच वाढलं. साध्या निवासी टॉवरमध्ये मात्र आधी साध्या गोष्टी नीट व्हाव्यात. कारण कोड नीट पाळला नाही तर डॅम्पर लावून उपयोग नाही. बँकॉकचा टॉवर सेल्फ-सेंटरिंग डॅम्पर नव्हते म्हणून पडला नाही, साधी भिंत नीट नव्हती म्हणून पडला.

फ्लॅट घेताना काय विचारायचं?

१. शिअर वॉल थेट पायापर्यंत जातात का? की पार्किंगसाठी पोडियमवरच थांबवून बीमवर उभ्या केल्यात? दुसरं असेल तर दहा वेळा विचार करा.

२. आर किती धरलाय आणि डिटेलिंग आयएस १३९२० प्रमाणे आहे का? स्ट्रक्चरल इंजिनिअरला हे एका मिनिटात सांगता येतं. त्याचं नाव तरी मिळालंच पाहिजे.

३. बांधकाम सुरू असेल तर सळईच्या रिंगा बघा. टोकं आतल्या बाजूला १३५ अंशांत वळवलेली हवीत. नुसती काटकोनात वळवलेली रिंग भूकंपात उघडते.

४. मातीचा अहवाल आहे का? मऊ मातीवर हादरा वाढतो.

५. जुना फ्लॅट असेल तर शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं? १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीला तीन वर्षांतून एकदा ऑडिट करायचं, असं सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत आहे.

६. विमा आहे का? १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी मिळते आणि त्यात भूकंप येतो. बँकेने लोनसोबत दिलेला विमा बऱ्याचदा तुमच्या जिवाचा असतो, घराचा नाही. कागद काढून बघा. आजच्या घडीला सुकापूरच्या फ्लॅटधारकासाठी सगळ्यात स्वस्त ‘डॅम्पर’ हाच आहे.

आणि फोनचं काय?

गुगलने सप्टेंबर २०२३ पासून भारतात अँड्रॉइडवर भूकंपाचा इशारा सुरू केलाय. फोनमधला अॅक्सेलरोमीटर हादरा ओळखतो, अनेक फोनकडून तेच कळलं की सर्व्हर इशारा पाठवतो. सेटिंग्जमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’ मध्ये जाऊन चालू आहे का बघा. काही सेकंद मिळतात, टेबलाखाली जायला तेवढे पुरतात.

फोनच्या लेव्हल अॅपने इमारतीचा कल मोजता येईल का, हा प्रश्न मलाही पडला होता. अर्धा टक्का कल म्हणजे कोनात पाव अंशापेक्षा किंचित जास्त. फोन स्वतःच तेवढा चुकू शकतो आणि घरातलं प्लास्टर त्याहून जास्त. तेव्हा भूकंपानंतर अॅप बघून घरात शिरू नका, इंजिनिअरला बोलवा. फोनचा खरा उपयोग आज आहे. घरातल्या भिंती, खिडक्यांचे कोपरे, पार्किंगमधले कॉलम यांचे फोटो तारखेसह काढून ठेवा. उद्या कधी तडा दिसला तर तो जुना की नवा, हे ठरवायला त्यापेक्षा चांगला पुरावा नाही. विम्याच्या क्लेमलाही तोच कामाला येईल.

आम्ही तो फ्लॅट अजून घेतलेला नाही. पहिले चार प्रश्न मी त्या मुलाला मेसेज केलेत. त्याने "सर, इंजिनिअर सरांना विचारून सांगतो" असं लिहिलंय. आजी रोज विचारते, "आलं का उत्तर?"